पाण्याच्या टाकीसमोरची तसबीर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दिलेला विषय होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून. मी हो म्हटलं, दोन रात्री बसून मुद्देही काढले. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे, कुणाला हवा असेल तर जेवताना देते. पण मागच्या महिन्यात हॉल बघायला म्हणून मी दिघाशीला आले होते. शिपाईमामांनी अडगळीची खोली उघडली, आणि मोडक्या बाकांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली आपली ती तसबीर मला दिसली. काच नाही, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. त्यानंतर दुसऱ्या कशावर बोलायचं मनच होईना. समितीने परवानगी दिली. फक्त दहा मिनिटं म्हणालेत. बघू.

कुठली तसबीर ते आठवतंय ना? शिक्षकांच्या खोलीबाहेर, पाण्याच्या टाकीसमोर लावलेली. एका बाजूला टिळक, दुसऱ्या बाजूला गाडगेबाबा आणि मध्ये ही विमानांची लढाई. ती तिथे कशी आली हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं मुंबईच्या एका देणगीदाराने बंगला रिकामा करताना दिली, कुणी म्हणायचं चित्रकलेच्या सरांनी चोरबाजारातून आणली. मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं, त्या चित्रात विमानं किती होती? उत्तरं आली दोन, तीन, पाच. एकाने तर हेलिकॉप्टर सांगितलं. तो आज समोर बसलाय, नाव घेत नाही.

विमानं दोनच आहेत. मी मोजली. खाली धुकट शेतं, वर पिवळट ढग. डाव्या बाजूला एक पंख असलेलं छोटं विमान, त्याच्या शेपटीवर काळा क्रूस. उजव्या बाजूला दुमजली पंखांचं मोठं विमान. त्याच्या नाकात एक माणूस चक्क उभा आहे आणि मागे वळून बंदूक झाडतोय. आपल्या पिढीला विमान म्हणजे मान वर करून बघायची वस्तू. भातलावणी चालू असताना आवाज आला की आवणीची मूठ हातात तशीच ठेवून सगळे वर बघायचे. त्यामुळे या उभ्या माणसाची आपल्याला भारी काळजी. हा पडत कसा नाही?

आणि दुसरा वाद आठवतोय? त्या मोठ्या विमानाचा पंखा मागे होता. म्हणजे फिरणारा पंखा, प्रोपेलर. सातवीत अर्धा वर्ग म्हणायचा विमान उलटं चाललंय, अर्धा म्हणायचा चित्रकाराला येत नाही. आपण विज्ञानाच्या बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "चित्रकार चुकला असेल, पण परीक्षेत तुम्ही चुकू नका." बाई, आज इतक्या वर्षांनी सांगते, चित्रकार चुकला नव्हता.

ते पहिल्या महायुद्धातलं चित्र आहे आणि ते मोठं विमान इंग्रजांचं एफ. ई. टू बी आहे. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा विमानं फक्त टेहळणीसाठी होती. शत्रूचं सैन्य कुठे आहे ते वरून बघायचं आणि परत येऊन सांगायचं. समोरून शत्रूचं विमान आलं तर वैमानिक पिस्तूल नाहीतर साधी रायफल झाडायचे. मशीनगनने पहिलं विमान पाडलं गेलं ते ५ ऑक्टोबर १९१४ ला, ते फ्रेंचांनी पाडलं. त्यानंतर प्रत्येकाला विमानावर मशीनगन हवीशी झाली. पण पंखा नाकावर असेल आणि बंदूक त्याच्या मागे असेल तर गोळ्या स्वतःच्याच पंख्याला लागणार. मग इंग्रजांनी सरळ उपाय केला. इंजिन आणि पंखा मागे टाकला, पुढची जागा मोकळी केली, तिथे बंदूक घेऊन एक माणूस बसवला. मागून शत्रू आला तर तो माणूस खोबणीच्या कडेवर उभा राहून वरच्या पंखावरून मागे गोळ्या झाडायचा. त्या वेळी त्याच्या फक्त नडग्या विमानाच्या आत असायच्या. पट्टा नाही. पॅराशूटही नाही, इंग्रज वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिलेच नव्हते. म्हणजे आपली काळजी अगदी रास्त होती.

डावीकडचं छोटं विमान जर्मनांचं फोकर. त्यांनी तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता, आणि इंजिनिअर म्हणून मला इथे थोडा वेळ थांबावंच लागेल. गारो नावाच्या एका फ्रेंच वैमानिकाने आधी पंख्याच्या पात्यांना पोलादी पट्ट्या लावून पाहिल्या, गोळी लागली तर बाजूला उडावी म्हणून. एप्रिल १९१५ मध्ये तो शत्रूच्या हद्दीत उतरला आणि ते विमान जर्मनांच्या हाती पडलं. काही महिन्यांत फोकरच्या कारखान्याने बंदुकीचा घोडा इंजिनालाच जोडला. इंजिनाबरोबर फिरणारी एक चकती, तिच्यावर उंचवटा. पातं नळीसमोर नसेल त्याच क्षणी गोळी सुटायची. पंखा मिनिटाला बाराशे फेरे घेत असेल आणि पाती दोन असतील, तर नळीसमोरून सेकंदाला चाळीस वेळा पातं जाणार. त्या फटींतून गोळ्या काढायच्या! त्या काळात, नुसत्या दांड्या आणि चकत्यांवर. आम्ही संगणकावर असलं काही करतो तेव्हा चार चाचण्या लावतो आणि तरीही रात्री दोनला फोन येतो.

फोन त्यांनाही आला म्हणायचा. जर्मनांचा नावाजलेला वैमानिक इमेलमान १८ जून १९१६ ला पडला तो एका एफ. ई. टू बी बरोबरच्या झटापटीत. इंग्रज म्हणाले आमच्या गोळ्यांनी पाडला. जर्मन म्हणाले छे, त्याच्या यंत्राची वेळ चुकली आणि त्याच्याच गोळ्यांनी त्याचा पंखा तुटला. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं.

हे सगळं मला आत्ता माहीत आहे. आठवीत असताना मला फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. चित्राच्या खाली इंग्रजीत एक ओळ होती आणि चौकटीच्या लाकडी पट्टीने ती अर्धी झाकली होती. अक्षरांची नुसती डोकी दिसायची. त्या उभ्या माणसाचं नाव तिथे लिहिलेलं असणार असं मला पक्कं वाटत होतं. टिळकांच्या खाली टिळक लिहिलं होतं, गाडगेबाबांच्या खाली गाडगेबाबा. मग याच्याच खाली का नाही?

आता जे सांगणार आहे ते मी गेली तेहतीस वर्षं कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला परवा सांगितलं.

१९९२ चा जुलै. मधली सुट्टी, बाहेर पाऊस, सगळे वर्गात डबे खात होते. मी वर्गातला बाक ओढत टाकीपाशी नेला. आपल्या वर्गातला एक मुलगा तिथे पाणी पीत होता. मी त्याला म्हटलं, बाक डुगडुगतोय, जरा धर. त्याने धरला. मी वर चढले, तसबिरीची खालची कड उचलून आत डोकावायला गेले, आणि ओल्या भिंतीतला खिळा प्लास्टरसकट बाहेर आला.

आवाज तुम्हाला आठवत असेल. सगळ्यांनी ऐकला होता. मी पळाले. माझ्या तळहाताला काच लागली होती, रुमाल गुंडाळून वर्गात येऊन बसले. तो पळाला नाही. का, तर टाकीवर पाचवीची पोरं अनवाणी यायची. तो वाकून काचा गोळा करत बसला. सर बाहेर आले तेव्हा बाक होता, काचा होत्या आणि तो होता. विचारल्यावर म्हणाला, "माझ्याकडून पडली." दोन छड्या बसल्या आणि उद्या वडिलांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसायचं नाही, असं सांगण्यात आलं. मला बाईंनी हाताला काय झालं विचारलं. मी म्हटलं, कंपासपेटी लागली.

त्याचे वडील भिवंडीत मागावर होते, रात्रपाळीला. आठवड्यातून एकदा घरी यायचे. एक पाळी बुडवून शाळेत येणं म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. गणपतीनंतर कुणीतरी सांगितलं की तो भिवंडीला कांड्या भरायला लागलाय. हजेरी घेताना काही दिवस त्याचं नाव पुकारलं जायचं. मग एक दिवस हजेरीपटात त्या ओळीवर लाल शाईची रेघ आली. मी पहिल्या बाकावर बसायचे, मला ती उलटी दिसायची.

ज्या सरांनी त्याला परत पाठवलं ते आज हयात नाहीत. त्यांच्यावर मी काही टाकत नाहीये. त्यांच्यासमोर जे होतं ते त्यांनी पाहिलं. खरं काय ते ठाऊक असलेली तिथे एकच व्यक्ती होती आणि ती रुमाल घट्ट करत बसली होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी दहावी झाले, इंजिनिअरिंग केलं, नोकरीला लागले. पेपरात फोटो आला तेव्हा शाळेने सत्कार केला, तो याच व्हरांड्यात. तेव्हा भिंतीवर तसबीर नव्हती, नुसता चौकोनी डाग होता.

माझं काम थोडक्यात सांगते. मोठ्या कंपन्यांकडे लाखो लोकांच्या नोंदी असतात. एकाच माणसाचं नाव एका कागदावर 'गायकवाड', दुसऱ्यावर 'गायकवार', तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणखी काही. संगणकाला वाटतं ही तीन माणसं. ती तीन माणसं एकच आहेत हे शोधून काढणारी प्रणाली माझी टीम लिहिते. ऐकायला रुक्ष वाटतं. पण एखाद्या बाईची पेन्शन नुसत्या एका अक्षरापायी अडकते तेव्हा ते रुक्ष राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका रात्री काम संपवून सहज मी ते मागे पंखा असलेलं विमान कुठलं ते शोधत होते. शोधता शोधता पहिल्या महायुद्धातल्या भारतीय वैमानिकांची नावं समोर आली. मी ताठ बसले. आपण शाळेत त्या उभ्या माणसाला काय म्हणायचो? 'गोरा सायेब'. त्या आकाशात आपलंही कुणी होतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. फार नव्हते, बोटांवर मोजण्याइतके. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय, वय अवघं एकोणीस. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा विमानं लागली आणि २२ जुलैला तो स्वतः पडला. १९९८ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. हरदितसिंग मलिक, हा शीख. पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण त्याने करून घेतलं होतं. तो जखमी होऊन वाचला आणि पुढे स्वतंत्र भारताचा फ्रान्समधला राजदूत झाला. आणि तिसरं नाव श्रीकृष्ण वेलिंगकर. मुंबईचा.

वेलिंगकर! आपल्या बाजूचं नाव. एखाद्या एस. टी. मास्तरचं असावं, पोस्टातल्या कारकुनाचं असावं, असं.

शाळेत आपल्याला शिवकर बापूजी तळपदे ठाऊक होते. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट दरवर्षी कुणीतरी भाषणात सांगायचं आणि आपण टाळ्या वाजवायचो. त्या उड्डाणाचा पक्का पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही. आणि ज्याचं विमान, ज्याची तुकडी, ज्याची तारीख आणि ज्याची कबरसुद्धा नोंदीत आहे, त्या मुंबईकराचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही. मला याची थोडी चीड येते. असो.

वेलिंगकर केंब्रिजला शिकत होता. तिथून तो इंग्रजांच्या हवाई दलात गेला. २३ व्या तुकडीत त्याच्याकडे डॉल्फिन जातीचं विमान होतं. आपल्या तसबिरीतल्या विमानांनंतर दोन वर्षांनी आलेलं, पंखा पुढे, बंदुका पुढे. तोवर तो प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडवला होता. डॉल्फिनमध्ये वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर यायचं. वर छान दिसायचं म्हणतात. पण उतरताना विमान उलटलं तर आधी डोकं जमिनीला लागणार, म्हणून सुरुवातीला वैमानिक त्याला बिचकत. २७ जून १९१८ ला वेलिंगकर गस्तीवर गेला तो परत आला नाही. तीन दिवसांनी, ३० जूनला, जर्मनांच्या ताब्यात असताना तो गेला. युद्ध संपायला साडेचार महिने उरले होते.

जर्मनांनी त्याला रीतसर पुरलं, वर क्रूस लावला, त्यावर नावही घातलं. पण कुणा जर्मन शिपायाच्या कानाला 'वेलिंगकर' काय कळणार? लिहिलं गेलं ते 'वुमकर' असं काहीतरी. म्हणजे युद्ध संपल्यावर इंग्रजांच्या यादीत एक वेलिंगकर बेपत्ता, आणि फ्रान्सच्या मातीत एक वुमकर, ज्याला ओळखणारं जगात कुणी नाही. मुंबईत त्याची आई होती. तिच्या वतीने ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे पत्रं गेली, माझा मुलगा कुठे आहे ते शोधा म्हणून. आणि पुढे तो सापडला. हा वुमकर तोच. आज फ्रान्समध्ये हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे, आणि साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एक, अशा अर्थाची ओळ त्यावर कोरलेली आहे.

ती ओळ वाचून मला फार बरं वाटलं असं नाही. कुणाचं साम्राज्य, आणि हा त्याचा पुत्र कसा? दिघाशीतल्या तुमच्या-माझ्या आज्यांना ते साम्राज्य शेतसाऱ्यापुरतंच माहीत होतं. पण मुलगा गेलेल्या घराने काय कोरावं हे शंभर वर्षांनी मी इथे बसून ठरवणं बरोबर नाही. नाव परत मिळालं, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी प्रणाली 'वेलिंगकर' आणि 'वुमकर' कधीच जुळवणार नाही, हे मला ठाऊक आहे. अक्षरं इतकी वेगळी असली की ती सोडून देते. मग माणूस सापडतो तो तारखेवरून, जागेवरून, हुद्द्यावरून आणि कुणीतरी चिकाटीने विचारत राहिल्यावरून. मी दिवसभर अनोळखी माणसांच्या नोंदी जुळवते, आणि ज्या एका नावावर माझ्यामुळे लाल रेघ पडली, त्याचं पुढे काय झालं ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

तरीही विचारायला मला आणखी काही वर्षं लागली. खोटं कशाला बोलू. या मेळाव्याची यादी ग्रुपवर आली तेव्हा कुठे मी हललो, म्हणजे हलले! यादी केली होती ती दहावीच्या निकालावरून. जे दहावीला बसले ते माजी विद्यार्थी. सोपं आहे, माझ्या टीमनेही तसंच केलं असतं. पण आपल्या वर्गात पाचवीला जेवढे होते तेवढे दहावीला नव्हते, हे तुम्हा सगळ्यांना आठवतंय. मुलींची लग्नं झाली, कुणी वीटभट्टीवर गेलं, कुणी मागावर. ती सगळी नावं यादीत नाहीत.

मी शाळेत येऊन जनरल रजिस्टर बघायची परवानगी मागितली ती त्यासाठी. हॉल बघायचं नुसतं निमित्त होतं. रजिस्टरमध्ये तो सापडला. आडनावात काना जास्त, गाव बरोबर, जन्मतारीख सगळ्यांची असते तशी १ जून. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात लिहिलंय, 'सतत गैरहजर'.

मग गावात विचारलं. भिवंडीतल्या ज्या मागावर तो होता तो कधीच भंगारात गेला. मागांच्या जागी आता गोदामं आलीत, तुम्ही येताना पाहिलीच असतील. तो तशाच एका गोदामात माल उतरवून घेणाऱ्यांचा मुकादम आहे. मी त्याला भेटायला गेले. गेटवर उभी होते, हातात मिठाईचा डबा, पन्नाशीकडे झुकलेली बाई आणि पोटात आठवीतली भीती. त्याने मला ओळखलं. मी सगळं म्हणून टाकलं, एका दमात, तिथेच ट्रकच्या बाजूला.

तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "तुझ्यामुळं नाय गं. बापाचा पाय मशीनीत गेलेला त्याच सालात. मी तसाबी गेलोच असतो."

हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, हे मी ताडू शकले नाही. बाहेर मी कुणाला सांगितलं की तेही हेच म्हणतात, गरिबी होती, तो तसाही गेलाच असता. असेलही. पण गणपतीनंतर गेला असता, दिवाळीनंतर गेला असता, आणि चोर ठरल्यासारखा गेला नसता. तेवढे महिने माझ्या हिशेबात आहेत.

मी विचारलं, मेळाव्याला येशील? म्हणाला, रविवारी माल जास्त उतरतो, जमणार नाही. मग थोड्या वेळाने विचारलं, "त्या पुस्तकात सगळ्यांची नावं येणार काय?" स्मरणिकेबद्दल विचारत होता. मी म्हटलं, येतील. तो म्हणाला, "मग माझं टाक. पोरीला दाखवीन. पण ही गोष्ट सांगशील तिथं नको टाकू नाव."

म्हणून आज मी या गोष्टीत त्याचं नाव घेतलेलं नाही. ज्यांनी ओळखलं त्यांनीही घेऊ नये, ही विनंती. समितीला मी रजिस्टरवरून काढलेली एक यादी देत आहे. १९८९ मध्ये आपल्याबरोबर पाचवीत बसलेल्या आणि दहावीच्या निकालात नसलेल्या सगळ्या मुलामुलींची. त्यात तोही आहे, आडनाव दुरुस्त करून. स्मरणिकेत ही नावं वेगळ्या मथळ्याखाली टाकू नयेत. 'शाळा सोडलेले' वगैरे काही नको. अ पासून ज्ञ पर्यंत एकच यादी करावी. ज्यांची आडनावं लग्नानंतर बदलली त्या मैत्रिणींबद्दल कुणाला काही माहिती असेल तर जेवणाच्या वेळी मला सांगा, मी पेन आणि वही घेऊन पापडाच्या बाजूला उभी असेन.

आता तसबीर. मी ती घेऊन गेले होते, आज परत आणली आहे. फ्रेमवाल्याकडे ती उघडली तेव्हा मी समोर उभी होते. लाकडी पट्टी निघाली आणि ती अर्धी झाकलेली ओळ अखेर पूर्ण वाचायला मिळाली. त्या उभ्या माणसाचं नाव तिथे नाही. कुठल्याच माणसाचं नाव नाही. छापणाऱ्याचं नाव आहे, तेही अर्धं वाळवीने खाल्लेलं, आणि एक क्रमांक. एवढ्यासाठी मी बाकावर चढले होते.

दहा मिनिटं केव्हाच झाली, सर मघापासून घड्याळाकडे बघताहेत. तसबीर काल संध्याकाळी जुन्याच जागी लावली, पाण्याच्या टाकीसमोर. या वेळी काचेऐवजी ॲक्रिलिक बसवलंय, ते फुटत नाही. खालची पट्टी बारीक करून घेतली, त्यामुळे ओळ पूर्ण दिसते. आणि खिळा मारलेला नाही, भिंतीत ड्रिल करून चार स्क्रू लावलेत. शिपाईमामांनी लोंबकळून पाहिलं, हलत नाही.